छपरावरच्या साबुदाण्याच्या पापड्या

मी दहावीनंतर शाळा सोडली. सोडली म्हणजे, गणिताच्या तासाला उठून बाहेर आले आणि परत गेलेच नाही. बाबाला हे अजूनही तात्पुरतं वाटतं. शैला आत्याला, म्हणजे बाबाच्या मोठ्या बहिणीला, वाटतं की पुण्यात ठेवली की पोरगी सुधारेल. म्हणून ती उन्हाळ्यात आमच्याकडे जर्मनीत एश्बॉर्नला आली, तीच माझं पुण्याचं तिकीट पर्समध्ये घेऊन.

मला इथेच राहायचं होतं. गावाबाहेर कॅराव्हॅनच्या, म्हणजे गाडीमागे ओढायच्या चाकांवरच्या घरांच्या, दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. तिथला मालक सप्टेंबरपासून मला आउसबिल्डुंगला घेणार होता. काम करत शिकायचं, वर पगार. पण मी सतराची, त्यामुळे कागदावर सही बाबाची लागणार. आईची चालली असती तर प्रश्नच नव्हता, पण ती ऑफिसच्या कामाला हाम्बुर्गला गेलेली आणि फोनवर म्हणते, "तुम्ही दोघं ठरवा."

बाबा बँकेच्या सॉफ्टवेअरचा टेस्टर आहे. कशावरच विश्वास न ठेवायचे त्याला पैसे मिळतात. आमच्या आवारात एक जुनी अमेरिकन कॅराव्हॅन उभी होती, मायदेशी परत चाललेल्या एका अमेरिकन सैनिकाकडून घेतलेली. तिच्या छपराचं रबर फाटलं होतं.

"ऊर्जा, हे छप्पर तू बदल," बाबा म्हणाला. "रविवारी संध्याकाळी मी आत झोपतो, वरून पाइपने पाणी मारा. एक थेंब पडला तर पुणं. नाही पडला तर सही."

"चालेल. आत्या साक्षीदार."

"मी कोणाच्याच बाजूची नाही," आत्या म्हणाली. "तिकीट मात्र परत घेत नाहीत हं."

शनिवारी मी जुनं रबर ओरबाडून काढलं. खालचं प्लायवूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं हातात येत होतं. ते सगळं उपटलं, नवीन ठोकलं. बागेतल्या तळ्याखाली अंथरतात ती काळी रबरी शीट आणली होती, तीच वर चिकटवायची. बाबा सायकलचं हेल्मेट घालून खाली घुटमळत होता.

"आल्झो, तर मग, दोन स्क्रूंमध्ये किती अंतर ठेवलंस?"

"बाबा, टेस्टरने आधीपासून नाक खुपसायचं नसतं. तूच सांगतोस."

"गेनाऊ, बरोबर," असं म्हणून तो घरात गेला.

शीट रविवारी चिकटवायची ठरवलं. रविवारी उठले तेव्हा बाबा बॅडमिंटनला गेला होता आणि आत्या शिडीवर होती. फुटबॉलचा वर्ल्ड कप नुकताच संपलेला, ऊन असं की समोरच्या बाल्कनीतला झेंडासुद्धा घामेजलेला दिसत होता. आत्याने माझ्या कोऱ्या प्लायवूडवर प्लॅस्टिक अंथरलं होतं आणि त्यावर साबुदाण्याच्या पापड्या घातल्या होत्या. नीट रांगेत, एकसारख्या.

"काय केलंस हे?"

"अगं, एवढी छान गच्ची रिकामी पडली होती. तुमच्या देशात ऊन रोज कुठे येतं?"

प्लॅस्टिकला लावायच्या तेलाची वाटी डाव्या कोपऱ्यात कलंडलेली होती. तेल प्लायवूडमध्ये मुरून दोन पोळ्यांएवढा डाग झाला होता. तेलकट लाकडावर गोंद धरत नाही. तिथे रबर सुटणार, पाणी शिरणार आणि मी पुण्याला.

मी हातातला ब्रश फेकला. तो झेंडेवाल्याच्या बाल्कनीत पडला.

"मुद्दाम केलंस तू. तिकीट वाया जाऊ नये म्हणून."

आत्या शिडीवरून सावकाश उतरली. "मुद्दाम करायचं असतं ना, तर मी डब्बाभर ओतलं असतं. एवढ्याशा तेलात काय होतंय? आणि पापड्या कुठे वाळवू आता, ते सांग."

"मी इथे राहिले तर दर उन्हाळ्याला हे छप्पर तुझं. रबर काळं आहे, अजून तापेल. पुण्याला गेले तर बाबा ही कॅराव्हॅन विकणार."

आत्याने वर पापड्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "काय करायचं ते सांग."

तेवढा तुकडा कापून दुसरा बसवायचा होता. पण रविवारी इथे एकही दुकान उघडं नसतं, आणि रविवारी करवत चालवली तर शेजारी पोलिसांना बोलावतात. लाकूड मला सापडलं. कॅराव्हॅनमध्ये दोन पलंग होते, डावा आणि उजवा, गाद्यांखाली तेवढ्याच जाडीचं प्लायवूड. बाबाला उजव्यावर झोपवायचं ठरवून मी डाव्यातला चौकोन काढला.

आवाजाचं आत्याने बघितलं. दारात देवाची घंटा घेऊन उभी राहिली आणि मी आत करवत ओढायला लागले की मोठ्याने आरती म्हणायला लागायची. मी थांबले की ती थांबायची. झेंडेवाला बाल्कनीत आला, त्याच्या हातात माझा ब्रश. आत्याने डोळे मिटून घंटा अजून जोरात हलवली. त्याने ब्रश हळूच खाली टाकला, मान झुकवली आणि आत जाऊन खिडकी लावून घेतली.

दुपारपर्यंत तुकडा बसला, गोंद लागला, रबर ताणून दाबलं, कडा पट्ट्यांखाली घेतल्या. संध्याकाळी बाबा उशी आणि वर्तमानपत्र घेऊन आला. आवारात त्याच्या गाडीच्या बॉनेटवर पापड्या वाळत होत्या.

"शैलाताई, या आधी कुठे होत्या?"

"वर."

"वर कुठे?"

आत्याला खोटं बोलता येत नाही. तिने छपराच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

"मग मी त्याच्या बरोब्बर खाली झोपतो," बाबा म्हणाला आणि डाव्या पलंगाकडे निघाला.

"बाबा, उजवा मऊ आहे."

"म्हणूनच डावा."

पुढे काही बोलले असते तर त्याने गादीच उचलून बघितली असती. मी त्याच्या मागोमाग आत गेले. तो आधी कडेला टेकला, वर्तमानपत्र नीट छातीवर अंथरलं आणि मग ऐसपैस आडवा झाला. दोन सेकंद काही झालं नाही. मग कर्र आवाज आला आणि बाबा गादीसकट मधोमध खाली गेला. गुडघे नाकाशी, पाय वर, चष्मा कपाळावर.

त्याच क्षणी आत्याने पाणी सोडलं. छपरावर धबधबा सुरू झाला.

"ऊर्जा," बाबा गादीतून म्हणाला, "हे काय आहे?"

"तू वर बघ. टेस्ट चालू आहे."

त्याला दुसरीकडे बघता येतच नव्हतं. आत्याने तो कोपरा असा झोडपला की कॅराव्हॅन हलायला लागली. मला वाटलं, आता पडेल. आता. छताच्या कडेला काहीतरी चमकलं, पण ती स्क्रूची टोपी होती. बाबाने चष्मा डोळ्यांवर ओढला आणि पाणी बंद होईपर्यंत पापणी हलवली नाही.

"पडला का गं?" बाहेरून आत्या.

"बाबा पडला. थेंब नाही."

"हे लाकूड तू इथून काढलंस," बाबा म्हणाला.

"हो. पण पलंग टेस्टमध्ये नव्हता. छप्पर होतं."

तो छताची एकेक कड पुन्हा न्याहाळायला लागला. चूक शोधत होता, पण सापडत नव्हती.

"पेन आण," तो शेवटी म्हणाला.

"आधी तुला बाहेर काढते."

"आधी पेन. बाहेर आल्यावर मला काहीतरी सुचेल."

पेन आत्याने खिडकीतून आत दिलं. कागद मी त्याच्या गुडघ्यावर धरला. गुडघा नाकाजवळच होता, वाकावंसुद्धा लागलं नाही त्याला.