सव्वा वर्षाचा नैवेद्य

आमच्या घरात बाईचं काही झाकून राहत नसे. महिन्याचे चार दिवस आले की मागच्या पडवीत पोतं अंथरून बसायचं. तिथं बसलं की गड्याला, दूधवाल्याला, बोळातल्या पोराटोरांनाही कळायचं, कावेरीला कावळा शिवला. ताडकळसला देवीची पूजा आमच्या घराकडं. बाकीच्या घरांनी हे कधीचं सैल केलं होतं, पण १९९२ साल उजाडलं तरी आमचं पोतं काही उचललं गेलं नव्हतं. मला त्याचा मनस्वी संताप यायचा. तरी बसायचे, सासूपुढं शहाणपण चालत नाही.

या पोत्याचा कुणाला उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. तो केला सगुणाबाईंनी. सगुणाबाई म्हणजे गावच्या नर्सबाई, जिभेनं तिखट आणि पायाला भिंगरी. संक्रांतीनंतर परभणीच्या एक डॉक्टरीणबाई शाळेत शिबिर घेणार होत्या, बायकांच्या पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर शोधायला. त्याला मशीन नको, सुई नको. बॅटरीचा उजेड, कापसाचा बोळा आणि पाण्यात मिसळलेला सिरका, एवढंच. सिरका लावून मिनिटभर थांबलं की खराब जागा पांढरी पडते म्हणे. चहाच्या कपापेक्षा स्वस्त! पण गावातल्या एवढ्या बायकांतून आधी कुणाला न्यायचं? विचारलं तर एक बाई खरं सांगायची नाही. म्हणून सगुणाबाई घरोघरच्या सासवांना विचारत फिरल्या: चारपेक्षा जास्त दिवस बाहेर कोण बसतं, महिन्यातून दोनदा कोण बसतं, आणि पाळी गेल्यावर पुन्हा कोण बसायला लागलं? सासवांचं काय, त्या दहा तोंडांनी सांगत होत्या.

आमच्या घरी त्यांना काही मिळालं नाही. माझे चार दिवस म्हणजे चारच. माझ्या थोरल्या जाऊबाई अनसूयाबाई, त्यांची पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. "बाई, तुमी सुटलात. आमी अजून शाळेतच," असं मी त्यांना चिडवायचे. त्या नुसत्या हसायच्या. पाळी गेल्यापासून देवीच्या नैवेद्याचा सोवळ्यातला स्वयंपाक बारा महिने त्यांच्याचकडं आला होता. दिवसातून तीनदा न्हायच्या. सासूबाई पार्वतीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "माझी थोरली म्हणजे गंगा हाय."

शिबिराला खरं तर मी गेले, कंबर दुखायची म्हणून. सासूबाई एकटीला सोडेनात, म्हणून अनसूयाबाई सोबत आल्या. डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं आणि म्हणाल्या, "काही नाही, जड उचलू नकोस." मी पडद्याबाहेर आले तर सगुणाबाई जाऊबाईंना म्हणत होत्या, "आलाच हाव तर तुमी बी घ्या बघून."

"मला काय झालंय? मला सैपाकाला जायचंय," म्हणत जाऊबाईंनी दाराची चौकट धरली ती सोडेनात. सगुणाबाईंनी एकदा त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, जवळ जाऊन वास घेतला, आणि त्यांना खांद्याला धरून आत नेलं. मग मला हाक आली, "कावेरीबाई, बॅटरी धरा."

मी बॅटरी धरली आणि पाहिलं. चिंधीवर चिंधी, पाच चिंध्या, सगळ्या लाल. खोलीभर वास पसरला. डॉक्टरीणबाईंनी सिरक्यात बुडवलेला बोळा तसाच खाली ठेवला. "याला सिरका नको," त्या हळूच म्हणाल्या. "नुसत्या डोळ्यांना दिसतंय. कधीपासून जातंय, बाई?"

"सव्वा वर्ष झालं," जाऊबाई छताकडं बघत म्हणाल्या.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते सांगायची मला आजही लाज वाटते. ही जगेल का, असं नाही आलं. आलं ते हे: सव्वा वर्ष! म्हणजे रोजचा नैवेद्य? आणि मी चक्क एक पाऊल मागं सरले. उजेड भिंतीवर गेला. पोत्याला उठता-बसता शिव्या घालणारी मी, ती मागं सरले!

"उजेड इकडं धरा," सगुणाबाई माझ्यावर खेकसल्या. मग जाऊबाईंना म्हणाल्या, "अवं, एकदा तरी बाहेर बसायचं न्हाई का? मी पोत्यावरच्याच बाया शोधायलेय आन् तुमी चुलीपाशी!"

"नवरात्र होतं," जाऊबाई म्हणाल्या. "पाचच दिवस राहिले होते. म्हणलं, थांबंल आपोआप. थांबलं न्हाई. मग कसं सांगू? आधीचं सगळं बाटलं म्हणले असते. आन् बसले असते तरी किती दिवस बसू? उठायचा दिवस तर यायला पायजे."

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं. उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही. याच आठवड्यात बार्शीला कॅन्सरच्या दवाखान्यात न्या, तिथं मशीनचा शेक देतात. महिना घालवलात तर मग मला विचारायला येऊ नका.

घरी मीच सांगितलं. सासूबाई आणि थोरले भावजी अण्णासाहेब, दोघं समोर. मी सगळं बोलले, बार्शी बोलले, आठवडा बोलले. मग सासूबाईंनी विचारलं, "शेवटचा नैवेद्य कधी केलास?"

"आज सकाळी," जाऊबाई म्हणाल्या.

भावजी वाईट माणूस नव्हते. बायकोला कधी टाकून बोलत नव्हते. पण ते म्हणाले, "सारा गाव प्रसाद खाऊन गेलाय. मी कुणाला काय सांगू? आधी शुद्धी. अकरा दिवस लागतील. त्याच्याआधी हिनं उंबऱ्याबाहेर जायचं न्हाई, कुठं काय बोलायचं न्हाई. मग बघू बार्शीचं."

सव्वीस वर्षांच्या संसारात त्या माणसाला, दुखतंय का गं, एवढं विचारायचं सुचू नये? मी सुन्न झाले. आणि त्याहून सुन्न झाले ते जाऊबाईंकडं बघून. सासूबाईंनी पडवीकडं बोट दाखवलं, तशा त्या गेल्या, पोत्यावर आडव्या झाल्या आणि भर दुपारी घोरायला लागल्या. सव्वा वर्षात त्यांना कुणी बसू दिलं नव्हतं.

भावजींपुढं मी कधी आवाज काढला नव्हता. त्या दिवशी काढला. "अकरा दिवस न्हाई. सकाळच्या गाडीनं मी त्यांना पूर्ण्याला नेते. तिथून हे येतील बार्शीला." माझे मालक दिनकरराव पूर्ण्याला रेल्वेत होते.

"ने," सासूबाई म्हणाल्या. "पण तिला शिवून पुन्हा माझ्या चुलीपाशी यायचं न्हाई."

सकाळी आम्ही निघालो तेव्हा भावजी देव घासत बसले होते. त्यांनी मान वर केली, आणि पुन्हा खाली घातली.

एसटीची पायरी उंच होती. जाऊबाईंचा एक पाय वर आणि दुसरा उचलेना. मी हात पुढं केला, तर त्यांनी अंग चोरलं. "शिवू नको गं. तुला घरात घेणार न्हाईत."

"नका घेऊ म्हणावं," म्हणत मी त्यांच्या काखेत हात घातला आणि वर ओढून घेतलं. काय ते वजन! ओल्या लुगड्याएवढंसुद्धा भरलं नसतं. आणि हीच बाई रोज अर्धं गाव जेवेल एवढा स्वयंपाक करत होती, आणि मी शेजारी बसून चिडवत होते.

गाडी गावाबाहेर पडली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "कावेरी, देवी कोपली म्हणून झालं का गं हे?"

"सव्वा वर्ष तुमच्या हातचं जेवली की ती," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, पुढच्या बाया वळून बघायला लागल्या. "कोपायची असती तर पहिल्याच दिवशी ताट सारलं असतं. एक दिवस तरी काही म्हणली का?"

त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. खरंच आठवत होत्या.

"एकदा वरणात मीठ विसरले होते," त्या म्हणाल्या. "नैवेद्य चाखता येत न्हाई ना. तेवढंच काय ते चुकलं."

मग पदर तोंडाला लावून त्या रडायला लागल्या.