वहिनींनी निवडलेलं पुस्तक

काकूंनी चष्मा नाकावर बसवला आणि पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत 'पंपदुरुस्ती, भाग पहिला' असं लिहिलं होतं. खाली पाण्याचा पंप मधोमध कापून दाखवला होता. त्यांनी पुढची पानं चाळली. झडपा, वॉशर, नट. गोष्टीचा कुठे मागमूस नव्हता.

समोर काजबटणवाल्या वहिनी सुईत दोरा ओवून वाट बघत होत्या.

गणवेश शिवायच्या त्या कारखान्यात जेवणानंतर मशीन बंद ठेवत. सगळे हातकामाला बसत आणि काकू वाचून दाखवत. पुस्तक निवडायचा मान आळीपाळीनं मिळे, आणि ज्याचं त्याचं पुस्तक बाकीच्यांनी शेवटपर्यंत ऐकायचं, हा नियम होता. कटिंग मास्तरांना खून पडल्याशिवाय चैन पडत नसे. इस्त्रीवाले आबा गावाची वेस ओलांडायला नाखूश, पण प्रवासवर्णनं म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मशीनवरच्या दोघी जावांना प्रेमकथा लागत, त्यातही थोरलीला रडवणाऱ्या आणि धाकटीला लग्नात संपणाऱ्या. एकमेकांच्या आवडीला सगळे नाकं मुरडत आणि ऐकताना मात्र कानात प्राण आणून बसत. काकूंना या माणसांचं फार कौतुक होतं.

वहिनींना वाचता येत नव्हतं. त्यांची वेळ आली की "मला काय कळतंय त्यातलं?" म्हणून त्या मान दुसऱ्याला देऊन टाकत. या खेपेला मास्तर अडून बसले, तेव्हा त्या एकट्या वाचनालयात गेल्या, कपाटासमोर कितीतरी वेळ उभ्या राहिल्या आणि हे घेऊन आल्या. तेलाचे डाग पडू नयेत म्हणून त्याला खाकी कव्हरही त्यांनीच घातलं होतं.

"पुस्तकावर हिरवंगार शेत होतं आणि पाण्याची ही मोठी धार," त्या म्हणाल्या. "चांगलं आहे ना हो, काकू?"

खरं सांगितलं असतं तर कोणी मुद्दाम हसलं नसतं. पण जावांना हसू आवरलं नसतं, आणि वहिनी त्या कपाटाकडे पुन्हा म्हणून फिरकल्या नसत्या. काकूंना ते सोसवेना.

"ऐका तर आधी," त्या म्हणाल्या, आणि पंपाच्या चित्रावर नजर ठेवून त्यांनी वाचायला सुरुवात केली. "त्या वर्षी विहीर आटली, आणि तळाशी एक कुलूप लावलेली पेटी दिसू लागली."

मास्तरांची कात्री थांबली.

पेटी कोणाची, हे काकूंनाही ठाऊक नव्हतं. ते त्यांना घरी भांडी घासताना सुचलं. दुसऱ्या दिवशी माळी विहिरीत मरून पडलेला सापडला. मग पेटीचा मालक शोधायला मळेवाली बाई जहाजानं दूरदेशी निघाली, तेव्हा आबा सरसावून बसले. जहाजावर तिला एक खलाशी भेटला आणि दोघी जावांनी एकमेकींना कोपरानं ढोसलं. मधूनमधून पान उलटायला काकू विसरत नसत. आपण या भाबड्या माणसांना फसवतोय याची त्यांना लाज वाटे. पण उद्या काय होणार, याची ओढ त्याहून जास्त होती. आयुष्यभर दुसऱ्यांचं वाचत आलेल्या बाईला स्वतःचंच नवल वाटत होतं.

आणि वहिनी? "वहिनींचं पुस्तक काढा" असं कोणी म्हटलं की त्या मान खाली घालून उगाच दोरा दातानं तोडत.

शनिवारी मास्तरांनी हात पुढे केला.

"काकू, पुस्तक द्या. माळ्याला कोणी ढकललं ते कळल्याशिवाय माझा रविवार जायचा नाही."

"अहो, पण सगळ्यांनी बरोबर ऐकायचं असतं," काकू घाईनं म्हणाल्या.

"नेऊ द्या की," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पुस्तक काकूंच्या मांडीवरून उचललं, पदरानं पुसलं आणि स्वतः मास्तरांच्या हातात दिलं. काकूंना त्यांना थांबवता आलं नाही.

तो रविवार काकूंना खायला उठला. आता सगळं बाहेर येणार, वहिनींचं हसं होणार आणि आपल्या शब्दावर पुन्हा कोणी विश्वास ठेवणार नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

सोमवारी मास्तरांनी पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं आणि कापडावर खडूच्या रेघा मारायला घेतल्या.

"कोणी ढकललं?" आबांनी विचारलं.

"घरी पाहुणे आले. उघडायलाच झालं नाही," मास्तर म्हणाले. "पण वहिनी, इतक्या वर्षांत असं पुस्तक कोणी आणलं नव्हतं."

वहिनी खाली वाकून बटण टाचत राहिल्या. त्यांचे कान लाल झाले होते. काकूंच्या जिवात जीव आला. माळ्याला त्याच्या सख्ख्या भावानंच ढकललं होतं, हे त्यांनी त्याच दुपारी सांगून टाकलं.

गोष्ट संपली तेव्हा थोरली जाऊ पोटभर रडली होती आणि धाकटीला लग्न मिळालं होतं. पुढचा मान मास्तरांचा होता. त्यांनी पिशवीतून खाकी कव्हर घातलेलं पुस्तक काढून काकूंना दिलं. आता खूनच ऐकायचा, म्हणून जावांनी उसासा टाकला.

काकूंनी पुस्तक उघडलं. पंपदुरुस्ती, भाग दुसरा.

त्यांनी वर पाहिलं. मास्तर जमिनीवर मांडी घालून बसले होते, कात्री बाजूला ठेवून.

"खून आहे ना यात, मास्तर?" आबांनी विचारलं.

"असेल," मास्तर म्हणाले. "काकू सांगतीलच."