मीठ कमी आहे

स्वयंपाकघराचं दार उघडलं तेव्हा आम्ही चौघं ओट्याशी उभ्याने जेवत होतो. माझ्या हातात पाव होता, नवऱ्याच्या तोंडात घास होता, सासूबाई दाराकडे पाठ करून दह्याची वाटी संपवत होत्या आणि माझी लेक चिऊ ओट्यावर चढून बसली होती, उकडलेलं अंडं सोलत. दारात माझे सासरे उभे होते.

नवऱ्याने घास गिळला, तो आवाजसुद्धा मला ऐकू आला.

"रोज असंच जेवता?" बाबांनी विचारलं. ऑपरेशननंतर त्यांचा आवाज खरवडून काढल्यासारखा येतो.

"नाही हो, आज जरा घाई होती," सासूबाई म्हणाल्या.

"सुट्टीच्या दिवशी कसली घाई?"

त्यांनी एकेकाच्या हाताकडे पाहिलं. मग शेगडीकडे. शेगडी गार होती. "चालू द्या," असं म्हणून ते मागे वळले आणि दार ओढून घेतलं. पण पूर्ण लावलं नाही.

चिऊने अंडं खाली ठेवलं. "आता आजोबांना कळलं ना?" ती कुजबुजली.

त्यांच्या घशातली गाठ काढली, ती गेली, पण जाताना गिळण्याची ताकद घेऊन गेली. तोंडाने पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायचा नाही, छातीत उतरेल, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. पोटाला एक नळी बसवली. दुधासारखं दिसणारं पातळ अन्न त्या नळीतून आत सोडायचं, हेच त्यांचं जेवण. ते काम ते स्वतःच करत, खोलीचं दार लावून. सासूबाईंनाही आत येऊ देत नसत.

मग त्यांच्यासमोर आम्ही कसं जेवायचं? कुणी ठरवलं असं नाही. आधी जेवणाच्या टेबलावर इस्त्रीचे कपडे साठायला लागले. मग वास त्यांच्या खोलीपर्यंत जातो म्हणून कांदा परतणं बंद झालं. मग आवाज होतो म्हणून ताटं बंद झाली. होता होता आम्ही चोरासारखे जेवायला लागलो. पाव, दही, उकडलेलं काहीबाही. एखाद्या पोरक्या घरासारखं. माझा नवरा वीज कंपनीत तारा जोडतो, दिवसभर खांबावर असतो. तो हल्ली बाहेरच काहीतरी खाऊन यायचा आणि "भूक नाही" म्हणायचा. मी टपाल कार्यालयात पत्रांची वर्गवारी करते. मीही डबा न्यायचं सोडलं होतं. बाबांना काही कळत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. आता वाटतं, त्यांना पहिल्या दिवसापासून कळत असणार.

बाबांनी आयुष्यभर बस चालवली. शिफ्टच अशा की घरातले जेवायला बसायचे तेव्हा हे कुठल्यातरी डेपोच्या बाकावर एकटे डबा उघडायचे. निवृत्त झाले त्या आठवड्यात त्यांनी सासूबाईंना सांगून टाकलं, "रविवारचं स्वयंपाकघर माझं." तोपर्यंत त्यांनी चहासुद्धा केलेला नव्हता. सासूबाई म्हणाल्या, हौस फिटली की बसतील गप्प. पण हौस काही फिटली नाही. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात रविवारी सकाळी शेतकरी आपापला माल घेऊन येतात, तिथे ते उजाडताच हजर. काय करायचं ते घरून ठरवून जायचे नाहीत. "जे चांगलं दिसेल ते आज शिजेल," म्हणायचे. दुपारी आम्हांला टेबलाशी बसवून स्वतः वाढायचे आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत विचारायचे, "कसं झालंय?"

"छान," आम्ही म्हणायचो.

छान नसायचं. कधी बरं असायचं, कधी अगदीच सपक. पण त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा तो बघून दुसरं काही तोंडातून निघायचंच नाही. नवीन सून म्हणून मी पहिल्यांदा "छान" म्हटलं आणि मग तेच चालू राहिलं.

तर त्या शनिवारी बाबांनी आम्हांला ओट्याशी पाहिलं आणि रविवारी सकाळी मी उठले तेव्हा ते बुटांच्या नाड्या बांधत होते. शेजारी दोन रिकाम्या पिशव्या.

"चल," ते म्हणाले. "मला ओझं उचलायला मनाई आहे. तू घे."

"कुठे, बाबा?"

"बाजारात. आणखी कुठे?"

मैदानात शिरताच त्यांची पाठ ताठ झाली. ऑपरेशनपूर्वी ते असेच चालायचे. घेवडेवाली बाई बसल्या जागेवरून ओरडली, "किती दिवसांनी? मला वाटलं, गाव सोडलं तुम्ही."

"आजारी होतो."

"आता बरे ना?"

"आता इथे आहे," बाबा म्हणाले. त्यांनी घेवड्याची एक शेंग उचलली, कानाशी नेऊन मोडली. टक्. मान हलवली आणि पिशवी पुढे केली. टोमॅटो उचलला की त्याच्या देठाशी नाक नेत. गाजराची, पुदिन्याची पानं बोटांत चुरून वास घेत. मी मागे पिशव्या धरून. इतकी वर्षं त्यांनी आणलेलं खात होते मी, निवडताना कधी पाहिलं नव्हतं.

बटाटेवाला त्यांचा जुना ओळखीचा, कधीकाळी त्यांच्याच बसने यायचा म्हणे. गळ्यावरची खूण पाहून त्याने आवाज खाली आणला. "काका, आता खाता काय तुम्ही?"

बाबा बटाटे निवडत राहिले.

"मी नाही खात. घरचे खातात. चांगले दे, बारके."

घरी आलो तर सासूबाई दारातच. पिशव्या पाहून त्यांचे डोळे भरले. "अहो, कशाला हा छळ करून घेता? शिजवायचं आणि नुसतं बघत बसायचं?"

बाबा खुर्चीवर बसले, बूट काढले. बोलायला त्यांना त्रास होतो, म्हणून थांबून थांबून बोलतात. "शेवटची फेरी झाली की बस रिकामी डेपोत न्यावी लागायची. एक माणूस नाही आत. नुसत्या खिडक्या खडखडायच्या. मला ती फेरी कधी आवडली नाही." मग म्हणाले, "टेबलावरचे ते कपडे उचला."

नवऱ्याने कपडे उचलले. त्याला ते पटलेलं नव्हतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पलंगावर गठ्ठा टाकताना मला म्हणाला, "मला नाही जमणार त्यांच्यासमोर."

"मलाही नाही जमणार," मी म्हटलं. "पण बसायचं."

बाबांनी कांदा परतायला टाकला आणि किती दिवसांनी घराला घराचा वास आला. चिऊ खोलीतून धावत आली, बाबांच्या शर्टाला धरून उभी राहिली. टोमॅटो पडले, बटाटे पडले, गाजरं, घेवडा. रस्सा रटरटायला लागला. मी दुसऱ्या शेगडीवर भात लावत होते, म्हणून मला ते दिसलं. बाबांनी डावातून थोडा रस्सा चमच्यात घेतला, फुंकर घातली आणि सवयीने चमचा ओठांपर्यंत नेला. तिथे हात थांबला. मग त्यांनी चमचा नळाखाली धरला, धुतला, पुसला आणि जागेवर ठेवला. मी भाताच्या पातेल्यात बघत राहिले.

सगळे टेबलाशी बसलो. बाबांनी वाढलं. मग खोलीत गेले आणि बाहेर आले ते त्यांची सिरिंज, पेला आणि मांडीवर घ्यायचं फडकं घेऊन. त्यांच्या नेहमीच्या जागेवर, आमच्यासारखंच, ते सगळं नीट मांडलं. नवऱ्याने मान खाली घातली.

"आजोबा, ते दुखतं?" चिऊने विचारलं.

"नाही. पण गार असलं की आत गार लागतं."

"मग गरम करून घ्यायचं."

"कोमट केलंय," बाबा म्हणाले. "तू खा."

आम्ही पहिला घास घेतला. बाबांनी अजून शर्टाचं बटण काढलं नव्हतं. हात टेबलावर ठेवून ते नेहमीसारखे एकेकाच्या तोंडाकडे बघत होते.

"कसं झालंय?"

"छान," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या.

"एकदम मस्त, बाबा," नवरा म्हणाला. त्याने अजून घास गिळलाही नव्हता.

बाबा माझ्याकडे वळले. माझ्या जिभेवर "छान" तयारच होतं. पण तो धुतलेला चमचा काही डोळ्यांपुढून जाईना. या माणसाला आता आपलं आपण कळणार नव्हतं. आम्ही सांगू तेवढंच.

"मीठ कमी आहे, बाबा," मी म्हटलं. "आणि घेवडा कच्चा आहे."

नवऱ्याने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. सासूबाईंचा हात वाटीतच राहिला. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उठून खोलीत जातील.

"किती कमी?" त्यांनी विचारलं.

"बरंच."

"घेवडा?"

"करकरतोय दाताखाली."

ते उठले. आमच्या वाट्या एकेक करून उचलल्या, रस्सा परत पातेल्यात ओतला आणि पातेलं शेगडीवर चढवलं. आम्ही कोरा भात पुढे घेऊन बसलो. आतून डाव हलवल्याचा आवाज येत होता. चिऊ हळूच म्हणाली, "आजोबांचा घेवडा नेहमीच कच्चा असतो."

"चिऊ," नवरा दबक्या आवाजात म्हणाला. आणि त्याला एकदम हसू फुटलं. इतक्या महिन्यांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. "खरं आहे पण. पहिल्या रविवारपासून कच्चा."

"आणि बटाट्याचा पार गाळ," सासूबाई म्हणाल्या.

आतला डाव थांबला. "मग इतकी वर्षं कुणी बोललं का नाही?"

"तुम्ही विचारायचात असे, की कोण बोलेल?" सासूबाईंनी मोठ्याने उत्तर दिलं. आता त्यांचे डोळे वाहत होते आणि त्या हसतही होत्या.

"सूनबाई," बाबांनी हाक मारली. "ये इकडे."

मी उठून आत गेले. त्यांनी चमचा भरला, फुंकर घातली आणि खाली तळहात धरून माझ्यापुढे केला. मी चव घेतली. ते माझ्या डोळ्यांत बघत होते, बस चालवताना रस्त्याकडे बघावं तसे.

"अजून चिमूटभर."

त्यांनी चिमूट टाकली, ढवळलं. घेवड्याचा एक तुकडा काढून दिला.

"थोडा वेळ हवा."

आम्ही दोघं शेगडीशी उभे राहिलो. वाफ दोघांच्याही तोंडावर येत होती. "पुदिना आत्ता टाकू की उतरल्यावर?" त्यांनी विचारलं. मला त्यांनी स्वयंपाकातलं काही विचारल्याची ही पहिलीच वेळ.

"उतरल्यावर."

शेवटचा चमचा मी जरा जास्तच वेळ तोंडात ठेवला. मुद्दाम नव्हे. खरोखर चांगलं झालं होतं. टोमॅटोचा आंबटपणा, गाजराचा गोडवा, मीठ जिथे असावं तिथे.

"झालं," मी म्हटलं. "आता झालं, बाबा."

"नक्की?"

"नसतं तर सांगितलं असतं."

यावर त्यांनी मान हलवली आणि खांदे मागे घेतले. पातेलं त्यांनी स्वतः उचललं. नवरा घ्यायला उठणार, तोच सासूबाईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. बाबा पातेलं घेऊन आले, टेबलाच्या मधोमध ठेवलं, एकेकाला वाढलं. कुणाला काही विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती; चिऊ वाटीला तोंड लावून पीत होती.

मग ते बसले. शर्टाचं खालचं बटण काढलं, नळी बाहेर घेतली, सिरिंज जोडली आणि पेल्यातलं सावकाश ओतायला सुरुवात केली. एक हात उंच धरून. टेबलावर ताटं वाजत होती, सासूबाई बाजारात काय भाव होता ते मला विचारत होत्या, चिऊला आणखी भात हवा होता. बाबा ओतता ओतता आमच्या ताटांवरून नजर फिरवत होते, आरशात बघून गाडी भरल्याची खात्री करावी तशी.

नवरा अजूनही मान वर करत नव्हता. पण त्याची वाटी रिकामी झाली होती. त्याने ती तशीच, खाली बघत, बाबांच्या दिशेने सरकवली.

बाबांनी नळीचा चिमटा बंद केला, सिरिंज काढून ठेवली, उठून त्याला रस्सा वाढला आणि मग परत आपल्या जेवणाला बसले.