रेडिओ पिऊन टाकणारा कारल्याचा वेल

साठ सालाच्या आसपास पातुरात धड बोलणारा रेडिओ एकच, उत्तमरावांचा. बाकीचे नुसते खाकरायचे. उत्तमराव कापसाच्या जिनिंगचे मॅनेजर. त्यांची शकुन आणि शेजारच्या पुंजाराम माळ्याची शालू एकाच वर्गात. सकाळची शाळा सुटली की दुपारी नागपूरहून रेडिओवर पाठ लागत, आणि शनिवारी गुरुजी त्यातलेच प्रश्न विचारत. या शनिवारी जी सरस ठरेल तिला अकोल्याच्या मोठ्या शाळेत फुकट शिकायला मिळणार होतं.

शकुन खुर्चीत बसून ऐके, तेही पेंगत. शालू भिंतीपलीकडं वांग्यांना पाणी देत ऐके. उत्तरं दोघींचीही बरोबर येत, पण ती खुर्ची शालूच्या डोळ्यात सलत राही. त्यात एकदा शकुन सहज म्हणाली, "आमचा रेडिओ बंद पडला त तू काय सांगशीन वं?"

झालं. शालूनं कारल्याचा वेल उत्तमरावांच्या एरियलच्या बांबूवर चढवून दिला. वेल म्हणजे काय वेल! सकाळी कमरेएवढा, दुपारी कौलांवर, आणि दिवेलागणीला तारेला असा बिलगला की रेडिओचा आवाज आधी घोगरा झाला, मग बसलाच. सगळं बोलणं वेलानं पिऊन टाकलं. पुंजारामनं ती कारली बाजारात नेली, तर एका बाईच्या पिशवीतून कापसाचे भाव ऐकू आले. खोटं वाटत असेल तर पातुरात विचारा. बाई गेली, पण पिशवी आहे.

दोन दिवस शालूचा जीव थंड होता. मग वांग्यांना पाणी देताना तिच्या ध्यानात आलं, आपलीही शाळा त्याच तारेवरून येत होती. वेल ओढायला ती भिंतीवर चढली, तर खाली शकुनची आई इंदूबाई, हातात ट्रंक, दाराला कुलूप लावत होत्या.

"काहून ओढून रायली वं? राहू दे," त्या म्हणाल्या. "शकुनले मामाकडं अमरावतीले धाडलं. त्याचा रेडिओ याच्याहून मोठा हाये. मी बी तिकडंच चालली."

शालूनं वेल मुळासकट उपटला. तार मोकळी झाली, पण दुपारी उत्तमराव जिनिंगवर, मग कुलपाआडचा रेडिओ लावणार कोण?

शनिवारी शकुननं अमरावतीहून येऊन घडाघडा उत्तरं दिली आणि अकोल्याला गेली. तोवर शालूचा जळफळाट भिंतीपलीकडच्या खुर्चीपुरता होता. आता तिला अमरावतीच्या, कधी न पाहिलेल्या त्या मामाचाही राग येऊ लागला. आणि आपला मामा कौंडण्यपूरच्या जत्रेत फुलं विकतो, याचा त्याहून जास्त.