चौदा थांबे

अल्डर फॉल्समध्ये कुणी कुणाशी भांडत नाही. मिनेसोटातल्या कुठल्याच शहाण्या गावात भांडत नाहीत. एखादी गोष्ट अगदीच डोक्यात गेली, तर माणसं "वेगळं आहे हं" म्हणतात आणि हवेबद्दल बोलू लागतात. त्यामुळे गावची शाळा बंद करून पोरं शेजारच्या नॉर्विकला पाठवायची का, या प्रश्नावर गाव उभं दुभंगलं, तरी आवाज म्हणून झाला नाही. जे काय बोलायचं ते अंगणातल्या पाट्या बोलत होत्या. मतदान फेब्रुवारीत; पण जमीन गोठली की पाटी रोवता येत नाही, म्हणून सगळ्यांनी आपापलं मत नोव्हेंबरातच पक्कं करून रोवून टाकलं होतं. आता ते एप्रिलपर्यंत उपटणं शक्य नव्हतं.

ब्रिटा टॉर्गरसन ही 'हो'वाल्यांच्या समितीची अध्यक्ष. तिच्या अंगणात हिरवी पाटी. शेजारी वेंडेल क्लावॉनच्या अंगणात लाल, 'नाही'ची. वेंडेल एकतीस वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. लहानपणी ब्रिटाही त्याच्याच बसमधून जायची. बर्फ पडला की तो आपल्या यंत्राने तिच्याही दारातला रस्ता साफ करायचा. पाट्या लागल्यावरही करत होता. फक्त आता हात करत नव्हता.

ब्रिटाने आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला, सिग्नेला, दोन गोष्टी पढवल्या होत्या. कुणी काही सांगितलं की विचारायचं, 'कशावरून?' आणि समोरचा असं का म्हणतो, ते त्याच्या जागी उभं राहून बघायचं. हे सगळं घराबाहेरच्या लोकांवर वापरायचं असतं, एवढं सांगायचं मात्र राहून गेलं.

मंगळवारी समितीची पत्रकं छापून आली. चारशे.

"'मुलांचा बसप्रवास फक्त पंचवीस मिनिटं,'" सिग्नेने वाचलं. "कशावरून, आई?"

"मी स्वतः गाडी चालवून पाहिलंय."

"पण आपली गाडी पोरं घ्यायला थांबत नाही."

"दूध पी."

सिग्ने दूध प्यायली, तिने एक पत्रक उचललं आणि ती शेजारी गेली. ब्रिटाला खिडकीतून ते दिसलं. पण त्या थंडीत जाकीट, टोपी, मोजे, बूट चढवेपर्यंत एक मूल पुष्कळ नुकसान करू शकतं. ती वेंडेलच्या स्वयंपाकघराच्या दारात पोचली, तेव्हा तो चष्मा नाकावर ओढून पत्रक वाचत होता.

"वेगळं आहे हं," तो म्हणाला.

"वेगळं म्हणजे, मिस्टर क्लावॉन?"

बहात्तर वर्षांत वेंडेलला हे कुणी विचारलं नव्हतं. त्याने मदतीसाठी ब्रिटाकडे पाहिलं. ब्रिटाने हवेकडे पाहिलं.

"म्हणजे... खोटं आहे, पोरी."

"कशावरून?"

वेंडेलने कागदी रुमाल ओढला आणि त्यावर चौदा ठिपके काढले. "हे चौदा थांबे. एकेकाला दीड मिनिट. मधे चढ. आणि क्रूगरांचा कुत्रा रस्त्यातच झोपतो, त्याला उठवायला खाली उतरावं लागतं. नॉर्विकपर्यंत एक्कावन्न मिनिटं." त्याने ब्रिटाकडे वळून म्हटलं, "तू तिसऱ्या सीटवर बसायचीस. तुला वीस मिनिटांत मळमळायचं. फरशी कोण पुसायचं, आठवतंय?"

ब्रिटाला आठवत होतं.

तोवर सिग्ने फ्रिजवर लावलेल्या लाल पत्रकापर्यंत पोचली होती. "'नॉर्विकवाले आपल्या मुलांना शाळेच्या बँडमध्ये घेणार नाहीत.' हे कशावरून?"

"आम्ही कॉफीला बसतो ना, तिथे सगळेच म्हणतात."

"त्यांना कुणी सांगितलं?"

वेंडेलने बराच वेळ आठवून पाहिलं. "मीच, बहुतेक."

परतताना सिग्नेने विचारलं, "मग गुरुवारच्या सभेत तू किती मिनिटं सांगणार?"

"छापून झालंय गं ते."

"पण आता तुला माहीत आहे ना?"

रात्रीच्या जेवणाआधी ब्रिटाने समितीच्या उपाध्यक्षाला, लॉवेल स्टेनरूडला, फोन केला. लॉवेल सज्जन माणूस. तो म्हणाला, "अगं, एक्कावन्न असतीलही. पण लोकांना आत्ताच कशाला त्रास? मतदान झालं की निवांत सांगू."

"सिग्ने पहिल्या रांगेत बसणार आहे, लॉवेल."

"मग तिला घरी ठेव."

तोवर ब्रिटाचं काहीच ठरलं नव्हतं. या वाक्याने ठरलं.

गुरुवारी चर्चच्या तळघरात सगळं गाव जमलं. हिरवे डावीकडे, लाल उजवीकडे, कॉफीची किटली मधे. ब्रिटा उभी राहिली.

"आमच्या पत्रकात पंचवीस मिनिटं लिहिलंय. ते चूक आहे. एक्कावन्न लागतात. वेंडेलचा हिशेब बरोबर आहे. तरी मी 'हो' म्हणते, कारण इथे दोन वर्षं विज्ञानाला शिक्षक नाही, खेळाचे सर शिकवतात. पण एक्कावन्न ते एक्कावन्नच."

डावी बाजू हवेबद्दल काही सुचतंय का ते पाहू लागली. तेवढ्यात उजवीकडून वेंडेल उठला. "बँडचं मीच उठवलेलं. त्यात काही अर्थ नाही," तो म्हणाला आणि पुन्हा बसला.

"पण बस आधी क्रूगरांकडे कशाला न्यायची?" कुणीतरी विचारलं. "उलटी फिरवा की."

"उलटी? चढावर बर्फात? अक्कल आहे का तुला?"

"तुझ्यापेक्षा आहे. आणि तो कुत्रा बांधत का नाहीत?"

"माझ्या कुत्र्याचं नाव काढू नकोस," क्रूगर म्हणाला.

कित्येक वर्षांत पहिल्यांदाच गावातली माणसं एकमेकांना तोंडावर 'तुझं चूक आहे' म्हणत होती, आणि कुणी उठून जात नव्हतं. पास्टरबाईंनी घाबरून हीटर कमी केला.

शुक्रवारी लॉवेल लिंबाच्या वड्यांचं ताट घेऊन दारात उभा. समितीने आभार मानलेत, म्हणाला. आता तू जरा आराम कर, म्हणाला. आज वारा फार आहे, म्हणाला. अल्डर फॉल्समध्ये माणसाला पदावरून काढतात ते असं.

सिग्नेने ताटाकडे पाहिलं. "तुला काढलं?"

"हो."

"खरं सांगितलंस म्हणून?"

"हो."

सिग्नेने एक वडी उचलली. "मग पुढच्या वेळी मी विचारू की नको?"

ब्रिटाने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसून स्वतःही एक वडी घेतली. 'नको' म्हणणं सोपं होतं, पण विचारायला शिकवलं होतं तिनेच.

"विचार," ती म्हणाली. "फक्त छापायला देण्याआधी विचार."