टेबलावरून उतरलेला धुळाजी

धुळाजी धोतर सावरत टेबलावरून पुन्हा खाली उतरला आणि त्याच्या बायकोचं, सत्यभामेचं, डोकंच फिरलं. उमापूरहून बीडच्या दवाखान्यात यायचं, एनिमा घेऊन पोट साफ करायचं, आणि ऐन वेळी नवऱ्याचा हा नन्नाचा पाढा! गावात तर त्यानं नारायणगडाला दर्शनाला चाललो म्हणून सांगितलं होतं.

डॉक्टरीणबाई परत समजावू लागल्या. "गाठ कॅन्सरची असली तरी लहान आहे, बाबा. आतड्याच्या भिंतीत किती खोल गेलीय ते सोनोग्राफीत दिसलं, की नुसती गाठ काढून भागेल का मोठं ऑपरेशन लागेल, ते ठरवता येईल."

"मग पोटावरून बघा की!"

"पोटावरून इतकं बारीक दिसत नाही. सोनोग्राफीची ही दांडी मागूनच आत घालावी लागते."

धुळाजीनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

"जनावराचा डागदर गाईच्या मागून कोपरापोतर हात घालतो," सत्यभामा कडाडली, "तवा शेपूट धरून 'हलू नगं, तुझ्याच भल्याचं हाय' असं कोन म्हनतं?"

"गाईला गावात तोंड दाखवावं लागत न्हाई."

"मेल्या मानसालाबी न्हाई लागत. व्हा आडवं!"