ट्रॅक्टरचं रक्त

छावणीत दोन दिवसांपासून जनावरं उपाशी हंबरत होती आणि गाव ट्रॅक्टरची आरती करत होतं. आष्टीच्या अलीकडची ती वाडी. सोसायटीचा छोटा ट्रॅक्टर लिंबाखाली उभा, इंजिनाला चिकटून असलेल्या पंपावर कुंकवाचा जाडजूड थर आणि खाली मातीत लालभडक ओघळ. "यंत्राला रगत फुटलं!" म्हणत बाया पदर पसरून नमस्कार करत होत्या.

ट्रॅक्टरसमोर चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या गोलात सुंदरबाई बसली होती. या ट्रॅक्टरची ड्रायव्हर तीच. दुष्काळात सोसायटीनं चारा छावणी काढली, वाढे, म्हणजे चाऱ्यासाठी उसाचे हिरवे शेंडे, आणि पाण्याची टाकी ओढायला ट्रॅक्टर घेतला. गडी कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले, म्हणून स्टिअरिंग तिच्या हाती आलं. त्यामुळे यंदा पहिल्यांदाच ती ऊसतोडीला गेली नव्हती आणि लेकरं शाळेत टिकली होती. ट्रॅक्टर गेला की पुन्हा उसाचा फड, पुन्हा पाचटाच्या कोपीत राहणं.

पाडव्याला बायांनी ट्रॅक्टरची पूजा केली, लोखंडाच्या प्रत्येक भागाला बोट बोट कुंकू लावलं. दुसऱ्या दिवशी सुंदरबाईनं ट्रॅक्टर चालू केला आणि पंपाखालून लाल धार लागली. मग काय, बंकटबाबा मठावरून धावतच आले.

"हिच्या अंगाला दोष हाय! ही शिवली की रगत, ही लांब तर यंत्र शांत! हिमालयात बर्फ खाऊन तप केलंय, लोखंडाची नाडी कळती मला. यंत्र मठावर धाडा, दोष उतरवतो."

नुसतं बर्फ खाऊन एवढं पोट कसं सुटतं, हे कुणी विचारलं नाही. उलट बाबांचं म्हणणं खरंच ठरलं. सुंदरबाई गोलात बसल्यापासून पंपातून थेंब पडला नव्हता. दोष कबूल केला तर ट्रॅक्टर जाणार, नाही केला तर मातीतलं रक्त साक्षीला होतंच. आणि गोलाबाहेर पाऊल टाकलं तर छावणीत जनावर मरेल, असं बाबांनी बजावलेलं.

"कबूल कर की गं, सुटशील," सासू जानकीबाई काकुळतीनं म्हणाली. तिची गाय छावणीतच होती.

ऊन चढलं. सुंदरबाई स्वतःच्या तळहातांकडे बघू लागली. खरंच आपल्या हातात काही असलं तर? या विचाराची तिला बाबांपेक्षा जास्त भीती वाटली.

तेवढ्यात जनावरांचे डॉक्टर राधाकिशन मोटारसायकलवरून उतरले. "छावणीत चारा का नाही?" म्हणून ते तावातावानंच आले होते. गर्दीनं त्यांना रक्त दाखवलं. त्यांनी ओघळ बोटानं चोळला, हुंगला.

"मी रोज रक्त बघतो. रक्त वाळलं की काळं पडतं, त्यावर माश्या घोंगावतात. इथं एक माशी नाही, आणि बोट तेलकट झालंय. सुंदरबाई, हे गळतं कधी?"

"चालू केला की गळतं. बंद असला की न्हाई," ती म्हणाली आणि थबकली. "पर डॉक्टर, चालू तर मीच करते. दुसऱ्या कुणी अजून केलाच न्हाई!"

"मग करू द्या की दुसऱ्याला," सोसायटीचे चेअरमन शहादेव म्हणाले. सगळे चार पावलं मागं सरकले.

"बाबांनीच करावा," सुंदरबाई म्हणाली. "त्यांच्या अंगाला तर दोष न्हाई."

"आमी संन्यासी. लोखंडाला शिवत न्हाई."

"मग हातातला चिमटा काय लाकडाचा हाय?"

लोक हसले. बाबांना सुटका उरली नाही. डॉक्टरांनी फडकं डिझेलात बुडवून पंप पुसायला घेतला, तशी जानकीबाई ओरडली, "सवाष्णींचं कुंकू हाय त्ये!"

"देवाला लावा, आजी. हे पुसू द्या."

बाबा सीटवर चढले आणि त्यांची सवय त्यांच्यावर उलटली. पाय आपोआप क्लचवर गेला, हातानं गियर हलवून न्यूट्रल केला, नांगर उचलणाऱ्या लिफ्टचा दांडा खाली घेतला आणि मगच चावी फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं.

मग शहादेवनं विचारलं, "का रं बंकट, हिमालयात नांगरट करीत व्हतास का?"

पंपाच्या जोडातून तेल पाझरू लागलं, करडईच्या तेलासारखं पिवळं. डॉक्टरांनी त्यावर आरतीच्या ताटातलं चिमूटभर कुंकू टाकलं. खाली पडलेला थेंब लाल होता.

"बघा तुमचं रक्त. धुळीनं नि उन्हानं आतलं रबरी सील टणक झालंय. इंजिन चाललं की लिफ्टचा हा पंप फिरतो, दाब येतो, तेल बाहेर. बंद केलं की थांबतं. ज्यानं ट्रॅक्टर हाकलाय त्याला हे ठाऊक असतं. होय ना, महाराज?"

पूर्वी एका ठेकेदाराकडं ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होतो, हे बंकटनं शेवटी कबूल केलं.

गर्दी त्याच्याकडं वळली. सुंदरबाईला ऊठ म्हणायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. ती आपली आपण उठली आणि टाचेनं फक्की पुसली.

"तू काय केलंस, असं समद्यांनी इचारलं," ती म्हणाली. "ट्रॅक्टरला काय झालंय, हे एकानंबी इचारलं न्हाई!"

दुपारी आष्टीचा मिस्त्री आला. सुंदरबाईनं पाना धरला, पंप उतरवला, नवं सील बसलं. इंजिन चालू केल्यावर पंप कोरडा ठणठणीत राहिला. दिवस मावळायच्या आत वाढ्यांची ट्रॉली छावणीत पोहोचली.

मंडळी, यंत्राला कुंकू लावायचं तर खुशाल लावा. पण ते गळायला लागलं तर हातात फडकं घ्या, पुसा आणि तेल कुठून येतं ते बघा. माणूस धरून गोलात बसवू नका. तेवढ्यानं ना यंत्र सुधारतं, ना जनावराच्या पोटात घास जातो.

वाढे बघून सगळी जनावरं उठली. जानकीबाईची गाय मात्र उठली नाही; भुकेनं ती आधीच गेली होती. तिच्या तोंडाशी वाढ्यांची पेंढी धरून म्हातारी बसून राहिली. तिनं सुनेकडं बघितलं, पण या वेळी दोष सुनेच्या माथी मारला नाही.